देवमातेला घातलेले गाऱ्हाणे

१७ ऑगस्ट २०१२ हा श्रावणातला शेवटचा शुक्रवार होता. आईने सकाळी जिवतीची पूजा केली होती. आमची डोकी पांढरी व्हायला लागली तरी आम्हा भावंडांच्या नावाने तिने दिवे ओवाळले होते. रात्री ती बातम्या पाहत बसली होती. पडद्यावर मॉस्कोतले एक न्यायालय आले. काचेच्या पिंजऱ्यात तीन तरुणी उभ्या होत्या, भोवती पोलीस होते. चर्चमध्ये गोंधळ घातल्याबद्दल या गायिकांना दोन वर्षांची कैद झाली आहे आणि त्यांच्यातल्या दोघींना लहान मुले आहेत, असे निवेदिका सांगत होती.

"काय गं केलं यांनी?" आईने विचारले.

"देवळात जाऊन नाचल्या. गाणं म्हटलं."

"देवाला शिव्या दिल्या?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. दोन-तीन दिवसांनी थोडेफार वाचून मी तिला सांगितले, की गाण्यातले काही शब्द ओंगळ होते, पण देवाला शिव्या देण्यासाठी त्या गेल्या नव्हत्या. त्यांनी येशूच्या आईला हाक मारली होती आणि देशावर बसलेल्या माणसाला हाकलून दे, असे साकडे तिला घातले होते.

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे गाऱ्हाणंच घातलं की!" आणि लगेच, जणू स्वतःलाच उत्तर दिल्यासारखी, "पण त्यासाठी देवळात नाचायला कशाला हवं?"

आमचे मूळ गाव सिंधुदुर्गातले. गाऱ्हाणे म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. देवापुढे उभे राहून, खणखणीत आवाजात, गावावर आलेल्या संकटाचा पाढा वाचायचा, वाकडे वागणाऱ्याला सरळ कर म्हणून देवाला बजावायचे आणि जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणून साथ द्यायची. ही प्रार्थना हळू आवाजात होत नाही. तिच्यात हक्क असतो, थोडी दटावणीही असते. आईच्या एका वाक्यात गोष्टीचे मर्म होते आणि दुसऱ्या वाक्यात गोष्टीची अडचण. गेली काही वर्षे या दोन वाक्यांच्या मध्ये मी येरझारा घालते आहे. आज वाचकांनाही सोबत घ्यावे म्हणते, कारण मॉस्कोतल्या त्या एका मिनिटाचे पडसाद अजून थांबलेले नाहीत.

माकडटोप्या आणि गाभारा

पंक हा संगीताचा प्रकार १९७०च्या दशकाच्या मध्याला न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये रुजला. त्याचे शास्त्र सोपे आहे. तीन सूर वाजवता आले तरी पुरे, गळा गोड नसला तरी चालेल, मात्र जे सलते ते मोठ्याने सांगता आले पाहिजे. हा दरवाजा सर्वांना उघडा आहे, असे म्हटले गेले खरे, पण आत बहुतेक मुलगेच शिरले. १९९१च्या सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिया या छोट्या शहरातून मुलींनी आपली वेगळी चळवळ सुरू केली. तिला 'रायट गर्ल' म्हणतात. 'बिकिनी किल' या बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात मुलींना पुढच्या रांगांत बोलावून घेई, कारण पुढे धक्काबुक्की करणाऱ्या मुलग्यांमुळे मुली मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहत. गाण्यात काय म्हटले यापेक्षा सभागृहात कोण कुठे उभे राहते, हा मुद्दा या चळवळीच्या मुळाशी होता. तो लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये मॉस्कोतल्या काही तरुणींनी याच परंपरेतून 'पुसी रायट' नावाचा गट काढला. नावाचे भाषांतर घरात सर्वांनी वाचायच्या या पानावर करता येण्यासारखे नाही. ते तसे असावे, हाच त्यांचा हेतू. डोळ्या-तोंडापुरती भोके ठेवलेल्या भडक रंगांच्या माकडटोप्या घालून त्या अचानक कुठेतरी प्रकट होत, गाणे म्हणत आणि पसार होत. सभागृह, तिकीट, व्यासपीठ असे काही नाही. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी थेट लाल चौकात, जुन्या काळी झारचे हुकूम जिथून वाचून दाखवत त्या दगडी ओट्यावर गाणे म्हटले.

तो काळ रशियात धामधुमीचा होता. डिसेंबर २०११च्या संसदीय निवडणुकीत गैरप्रकार झाल्याच्या तक्रारींवरून हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. पंतप्रधान असलेले व्लादिमीर पुतिन ४ मार्च २०१२ला पुन्हा अध्यक्षपदासाठी उभे होते. अशा वेळी, ८ फेब्रुवारीला, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिल यांनी पुतिन यांच्या उपस्थितीत आधीच्या दशकातल्या सावरण्याला देवाचा चमत्कार म्हटले आणि त्या कामी राज्यकर्त्यांचा हात असल्याचे सांगितले. महिन्यावर निवडणूक आलेली असताना धर्मपीठावरून आलेल्या या शब्दांचा अर्थ कोणालाही कळण्यासारखा होता.

दोन आठवड्यांनी, २१ फेब्रुवारीला, पाच तरुणी तारणहार ख्रिस्ताच्या कॅथीड्रलमध्ये गेल्या. तिथे वेदीपुढे संतचित्रांची भिंत असते आणि त्या भिंतीपुढे उंचावलेला चौथरा. तो धर्मगुरूंचा, सामान्य भक्ताने, त्यातही स्त्रीने, तिथे चढायचे नाही. त्या चढल्या. हातपाय नाचवले, गुडघे टेकले, क्रूस रेखला, ओरडल्या. मिनिटभराच्या आत रखवालदारांनी त्यांना बाहेर काढले. नंतर त्यांनी या चित्रणाला पूर्ण गाण्याची जोड देऊन ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध केली. शीर्षक: 'पंक प्रार्थना — देवमाते, पुतिनला हाकलून दे'. गंमत अशी, की या कर्कश गाण्यातला संथ भाग राखमानिनॉफ या थोर रशियन संगीतकाराने १९१५ मध्ये रचलेल्या मेरीस्तवनाच्या चालीवर बेतलेला आहे. ज्यांना धर्माशी देणेघेणेच नाही, त्यांना ही चाल सुचत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी, ३ मार्चला, नादेज्दा तोलोकोन्निकोवा आणि मारिया अल्योखिना यांना अटक झाली. पुढे येकातेरिना सामुत्सेविच हिलाही. बाकीच्या दोघी त्या वेळी पोलिसांच्या हाती लागल्या नाहीत.

मेणबत्त्या विकणारी बाई

इथपर्यंतची हकीगत जगभर गाजली. पाश्चात्त्य गायक-गायिकांनी पाठिंबा दिला, मॅडोनाने मॉस्कोतल्याच आपल्या कार्यक्रमात या गटाचे नाव पाठीवर मिरवले. सुरुवातीला मीही त्याच सुरात सूर मिसळला होता. पण आईचा दुसरा प्रश्न सुटत नव्हता: तिथेच कशाला?

म्हणून त्या वास्तूचा इतिहास वाचला आणि मी जरा वरमले. १८१२ मध्ये नेपोलियनला परतवल्याचे स्मारक म्हणून हे कॅथीड्रल बांधायचे ठरले आणि १८८३ मध्ये ते पूर्ण होऊन त्याचा अभिषेक झाला. ५ डिसेंबर १९३१ रोजी स्टालिनच्या राजवटीने ते सुरुंग लावून उडवले. त्या जागी सोव्हिएट सत्तेचा अतिभव्य प्रासाद उभा राहायचा होता. तो कधीच झाला नाही. अखेर १९६० मध्ये तिथे उघड्यावरचा प्रचंड पोहण्याचा तलाव करण्यात आला. जिथे मेणबत्त्या लागत होत्या तिथे मॉस्कोकर तीस-पस्तीस वर्षे पोहत होते. सोव्हिएट संघ कोसळल्यानंतर तलाव बंद झाला, जुन्या नकाशाबरहुकूम मंदिर पुन्हा उभारले गेले आणि २००० साली त्याचा पुन्हा अभिषेक झाला.

मधल्या दशकांत हजारो धर्मगुरूंना गोळ्या घातल्या गेल्या, हजारो श्रमछावण्यांत गेले, चर्चची कोठारे आणि गोदामे झाली. त्या काळात धर्म टिकवला तो मुख्यतः म्हाताऱ्या बायकांनी. डोक्याला रुमाल बांधून उरल्यासुरल्या चर्चमध्ये जाणाऱ्या, नातवंडांचा गुपचूप बाप्तिस्मा करून घेणाऱ्या आज्या. नोकरी जाईल या भीतीने लेक-जावई जात नसत. म्हातारीचे काय जायचे आहे, म्हणून ती जाई. ज्या चर्चमध्ये स्त्रीला वेदीजवळ जागा नाही, ते चर्च स्त्रियांच्या पदराआड जगले. धर्माच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते, तरी दर वेळी आपल्याला तिचे नवल वाटते.

आता खटल्यातल्या साक्षी पाहा. 'पीडित' म्हणून जे उभे राहिले, त्यांत रखवालदार होते, वेदीवरचे सेवक होते आणि एक कॅथीड्रलमध्ये मेणबत्त्या विकणारी बाई होती. तिने आपल्याला झालेल्या मानसिक वेदनेबद्दल सांगितले. वकिलांच्या प्रश्नांवरून न्यायालयात हशा पिकला, बाहेरच्या जगातही तिची टिंगल झाली. मला ती टिंगल करवत नाही. ज्या जागेसाठी मागच्या पिढ्यांनी एवढे सोसले, तिथे कोणी माकडटोपी घालून उड्या मारल्या, तर तिच्या काळजात चर्र होणारच. ते दुःख नाटकी म्हणता येत नाही. आणि खुद्द आरोपींनीही ते तसे म्हटले नाही. खटल्याच्या सुरुवातीलाच त्यांनी कबूल केले, की राजकीय पंकचा हा प्रकार मंदिरात नेणे ही आपली नैतिक चूक होती आणि कोणी दुखावले असल्यास आपण क्षमा मागतो. मात्र हा गुन्हा नव्हे.

हे प्रकरण श्रद्धाळू विरुद्ध नास्तिक असे मांडले, की सोपे होते आणि खोटेही होते. समोरासमोर आल्या होत्या त्या दोन प्रकारच्या स्त्रिया. एक, मिळालेली जागा जिवापाड जपणारी. दुसरी, न मिळालेली जागा मागणारी. त्यांच्यातले भांडण त्यांना आपसांत भांडू दिले असते, तर कदाचित काही निष्पन्नही झाले असते. पण मध्ये तिसरा पक्ष होता. राज्यसत्तेने पहिलीची जखम उचलली आणि दुसरीला मारायला दंडुका म्हणून वापरली.

धार्मिक द्वेषातून केलेली गुंडगिरी, हा आरोप होता. आपली निदर्शने राजकीय होती, असे तिघी सांगत होत्या; न्यायालयाने ते मानले नाही. निकालपत्रातला एक भाग तर मुळातून वाचण्यासारखा आहे. स्त्रीवाद बाळगणे हा रशियात गुन्हा नाही, असे सांगून न्यायाधीशांनी (त्याही स्त्रीच होत्या) पुढे नमूद केले, की ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि इस्लाम या धर्मांच्या तात्त्विक पायाशी स्त्रीवादाचा मेळ बसत नाही. धर्मनिरपेक्ष संविधान असलेल्या देशातले फौजदारी न्यायालय एका झटक्यात तीन धर्मांच्या वतीने बोलून मोकळे झाले! त्या धर्मांतल्या कोट्यवधी बायकांचे म्हणणे कोणी विचारले नव्हते.

भांडण कोणाशी?

आरोपींच्या पिंजऱ्यातून मात्र धर्मग्रंथ ऐकू येत होता. समारोपाच्या निवेदनात तोलोकोन्निकोवाने पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्टीफन याची आठवण दिली, ज्याला धर्मनिंदेच्या आरोपावरून दगडांनी ठेचून मारले गेले. खुद्द ख्रिस्तावरही तोच आरोप होता, हे अल्योखिनाने सांगितले. आपण विदूषक आहोत, कदाचित 'देवाचे वेडे' असू, असेही त्या म्हणाल्या.

हा शेवटचा शब्द रशियन माणसाला नीट कळतो. 'देवाचे वेडे' ही त्यांच्याकडची जुनी संतपरंपरा आहे. चिंध्या पांघरून, लाज सोडून, भर चौकात भलतेच काही करायचे आणि त्या वेडेपणाच्या आडून राजाला खरे ऐकवायचे. सोळाव्या शतकात क्रूरकर्मा इव्हान झार प्स्कोव्ह शहराची कत्तल करायला आला, तेव्हा निकोलाय नावाच्या अशाच एका वेड्याने उपवासाच्या दिवसांत त्याच्यापुढे कच्चे मांस ठेवले, अशी आख्यायिका आहे. मी ख्रिस्ती आहे, उपवासात मांस खात नाही, असे झार म्हणाला. तेव्हा हा उत्तरला, की तू त्याहून वाईट करतोस, माणसांचे मांस खातोस. शहर वाचले म्हणतात. मॉस्कोच्या लाल चौकातले रंगीबेरंगी घुमटांचे जगप्रसिद्ध चर्च ज्या वासिलीच्या नावाने ओळखले जाते, तोही असाच एक 'वेडा'. म्हणजे अंगावर आलेले वेड चारशे वर्षांनी घुमटाखाली जाऊन बसते. पण डोळ्यांपुढे उभे असते तेव्हा त्याला हातकड्या घातल्या जातात.

स्त्रीवादी पंक आणि धर्म यांचे नाते उभ्या वैराचे आहे, असा सर्वसाधारण समज आहे. मला ते हळूहळू वेगळे दिसू लागले. दोन उदाहरणे देते.

पहिले आयर्लंडच्या शिनेड ओ'कॉनरचे. ती काटेकोरपणे पंक नव्हे, पण त्याच घराण्यातली. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, चर्चमधल्या बालशोषणाच्या निषेधार्थ तिने पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र टराटरा फाडले. ते छायाचित्र तिच्या दिवंगत आईच्या खोलीतल्या भिंतीवरचे होते. मोठा गहजब झाला. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या भरल्या सभागृहात तिची हुर्यो उडवण्यात आली आणि तिची कारकीर्द कधीच पूर्ववत झाली नाही. पुढे २००९ मध्ये आयर्लंडच्या चौकशी आयोगाच्या अहवालाने चर्चच्या संस्थांतली मुलांची भयानक कहाणी अधिकृतपणे जगापुढे मांडली आणि २०१० मध्ये तेव्हाचे पोप बेनेडिक्ट यांनी आयरिश कॅथलिकांना पत्र लिहून शरम व्यक्त केली. छायाचित्र फाडणारी बरोबर होती, हे कळायला सतरा-अठरा वर्षे लागली. पण तेवढ्यावर थांबू नये. हीच शिनेड किशोरवयात ज्या ननांच्या सुधारगृहात होती, तिथल्याच एका ननने तिला गिटार घेऊन दिली होती, असे तिने आत्मचरित्रात सांगितले आहे. १९९९ मध्ये रोमशी संबंध नसलेल्या एका पंथाकडून तिने धर्मगुरूची दीक्षा घेतली. २०१८ मध्ये ती मुसलमान झाली. २०२३च्या जुलैत ती गेली. धर्म सोडून मोकळी झालेली स्त्री अशी दारोदार फिरत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. लंडनच्या 'एक्स-रे स्पेक्स' या बँडची गायिका पॉली स्टायरीन. सोमाली वडील, ब्रिटिश आई, दातांना तारा लावलेली वीस वर्षांची मुलगी. १९७७ मध्ये तिने बायकांच्या तोंडावरच्या पट्टीविरुद्ध अशी काही आरोळी ठोकली, की पुढे रायट गर्लवाल्यांनी तिला आद्य मानले. आणि ही पॉली पुढे काय झाली? १९८०च्या दशकात हरे कृष्ण पंथात गेली. जॉर्ज हॅरिसनने १९७३ मध्ये दिलेल्या, लंडनजवळच्या भक्तिवेदान्त मॅनरमध्ये आपल्या छोट्या मुलीसह राहू लागली. तिच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारी लोरा लॉजिक हीदेखील याच पंथात आली. ज्यांनी गोंगाटातून सुटका शोधली, त्यांना टाळ-मृदंगाच्या नामगजरात काही ओळखीचे सापडले असावे. तिथेही सूर गोड असण्यापेक्षा हाक खरी असणे महत्त्वाचे असते.

इंडोनेशियातल्या पश्चिम जावात, गारुत इथल्या इस्लामी शाळेतल्या तीन मुलींनी २०१४ मध्ये 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' हा बँड काढला. बाचेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदानी भाषेत बडबड, गलका. त्यांचे संगीत पंकचे भावंड असलेल्या मेटल प्रकारातले. डोक्यावर हिजाब, हातात गिटार. मुलींनी असे वाजवणे धर्मात बसत नाही, असे सांगणारे त्यांना गावातच पुष्कळ भेटले. त्यांनी हिजाबही सोडला नाही आणि गिटारही. २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवणारा पहिला इंडोनेशियन बँड म्हणून त्या उभ्या राहिल्या.

या सगळ्यांमधून मला एकच गोष्ट दिसते. यांचे भांडण देवाशी नाही. किल्ल्या कमरेला लावून देवाच्या दारात बसलेल्यांशी आहे. कॅथलीन हॅना मुलींना पुढे बोलावत होती, मॉस्कोच्या मुली न विचारता चौथऱ्यावर चढल्या. प्रश्न तोच: कोणी कुठे उभे राहायचे, हे कोण ठरवणार? आईला मी हे सांगितले, तेव्हा ती सहज म्हणाली, "आपल्याकडेसुद्धा गाऱ्हाणं बाप्येच घालतात." तक्रारीचा सूर नव्हता. साठ वर्षे "होय महाराजा" म्हणणाऱ्यांच्या घोळक्यामागे ती उभी राहिली आहे. तिच्या मनात काय काय होते ते महाराजाला परस्पर कळले असेल, अशी तिची समजूत. मला मात्र ते वाक्य बराच वेळ टोचत राहिले.

घावन की तुरुंग?

या प्रकरणात एक वाट अशी होती, जी कोणी घेतली नाही. २१ फेब्रुवारी २०१२ हा दिवस 'मास्लेनित्सा'च्या आठवड्यातला होता. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासापूर्वीचा हा आठवडा म्हणजे रशियाचा शिमगा. ब्लिनी नावाची, आपल्या घावनांची बहीण शोभावी अशी धिरडी खायची, सोंगे काढायची, धुडगूस घालायचा. चर्चचे विद्वान डीकन आंद्रेई कुरायेव यांनी ही बातमी ऐकून लिहिले, की मी तिथे असतो तर या मुलींना धिरडी आणि मधाचे पेय दिले असते आणि क्षमायाचनेच्या विधीला पुन्हा या म्हणून सांगितले असते. कारण या आठवड्याचा शेवट 'क्षमेच्या रविवारी' होतो. त्या दिवशी लहान-थोर सगळे एकमेकांपुढे वाकून, माझे चुकले असेल तर क्षमा कर, असे म्हणतात. २०१२ मध्ये तो रविवार होता २६ फेब्रुवारीला, गाण्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी.

धर्माच्या स्वतःच्याच कोठारात उत्तर तयार होते! मेणबत्त्या विकणाऱ्या बाईने आणि माकडटोपीवाल्या मुलीने एकमेकींपुढे वाकायचे. त्याऐवजी चर्चच्या वरिष्ठांनी कठोर शब्द वापरले, हत्यारबंद पोलीस आले आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेनंतर चर्चने दयेची भाषा केली, पण तोवर दया दाखवणे त्याच्या हातात राहिले नव्हते. धर्म आपला राग सरकारच्या हवाली करतो, तेव्हा आपली क्षमाही त्याच गाठोड्यात बांधून देतो. ती मग परत मिळत नाही.

पुढचे थोडक्यात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सामुत्सेविच सुटली, कारण गिटार बाहेर काढण्याआधीच रखवालदाराने तिला धरले होते. बाकी दोघी श्रमछावण्यांत गेल्या. मोर्दोव्हियाच्या छावणीत बायकांना दिवसाचे सोळा-सतरा तास पोलिसांचे गणवेश शिवावे लागतात, असे उघड पत्र लिहून तोलोकोन्निकोवाने सप्टेंबर २०१३ मध्ये उपोषण केले. त्या डिसेंबरात माफी कायद्याखाली दोघी सुटल्या. त्याआधी, २०१३च्या जूनमध्येच, धार्मिक भावना दुखावण्याविरुद्ध नवा फौजदारी कायदा झाला होता. प्रार्थनास्थळी गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच्या जाळ्यात पुढे कोण सापडावे? येकातेरिनबर्गच्या चर्चमध्ये मोबाईलवर पोकेमॉनचा खेळ खेळून त्याची चित्रफीत टाकणारा एक तरुण. २०१७ मध्ये त्याला निलंबित कैदेची शिक्षा झाली. भावना दुखावण्याचे माप एकदा पोलीस ठाण्यात ठेवले, की ते लहान-लहान होत जाते. आपल्याकडे १९२७ साली दंडविधानात घातलेले २९५-अ हे कलम, आता नव्या न्याय संहितेत २९९ क्रमांकाचे, ज्यांनी वर्तमानपत्रांतून पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तरी त्या कलमात हेतू द्वेषमूलक असल्याची अट आहे. ती किती पाळली जाते, हा निराळा विषय.

जुलै २०१८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रशियाविरुद्ध निकाल दिला. तो मला तोलूनमापून दिलेला वाटतो. प्रार्थनास्थळाचे नियम मोडल्याबद्दल काहीएक कारवाई समर्थनीय ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. पण त्यासाठी कैद ही फारच कठोर शिक्षा होती आणि तिने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला. आईच्या दोन्ही वाक्यांना एकाच निकालात जागा मिळाली, म्हणायची.

आणि पॅट्रिआर्क किरिल? फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा त्यांनी आपले वजन युद्धाच्या पारड्यात टाकले. सप्टेंबर २०२२ मधल्या प्रवचनात त्यांनी सांगितले, की लष्करी कर्तव्य बजावताना मरणाऱ्याची पापे धुतली जातात. अल्योखिना त्याच वर्षी, नजरकैदेची मुदत संपण्याआधी, घरपोच जेवण पोचवणाऱ्याच्या वेशात पोलिसांना चकवून देशाबाहेर निसटली. २०२५च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने तिला आणि गटातल्या आणखी चौघींना त्यांच्या गैरहजेरीत आठ ते तेरा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. त्यात युद्धाविरोधी गाण्याचाही दोष होता. २०१२ मध्ये ज्या गोष्टीकडे त्या मुली बोट दाखवत होत्या, म्हणजे वेदी आणि सिंहासन यांच्यातले अंतर मिटत चालले आहे, ती गोष्ट आता बोट न दाखवताही दिसते.

म्हणजे त्या बरोबर होत्या, असे म्हणून लेख संपवावा काय? मला तसे करवत नाही. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईचे काय झाले, हे जगाने विचारले नाही. तिची जखम खरी होती आणि ती वापरून टाकून देण्यात आली. तिच्या नावावर झालेल्या कायद्याने तिला वेदीच्या एक पायरीही जवळ नेले नाही. माकडटोप्यावाल्यांना निदान जगभरचे व्यासपीठ मिळाले. तिला टिंगल मिळाली. स्त्रीवादाला पुढच्या वेळी देवळात जायचे असेल, तर तिच्याशी दोन शब्द बोलून जावे लागेल. नाही तर त्याची हाक उंच घुमटापर्यंत पोचेल, पण दारात बसलेल्या बाईपर्यंत पोचणार नाही.

मध्यंतरी गावी गेलो होतो. देवळात गाऱ्हाणे चालू होते, आई नेहमीच्या जागी, मागे, खांबाला टेकून उभी होती. मी मुद्दाम तिच्याकडे पाहत होते. सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटले तेव्हा तीही म्हणाली. नंतर सगळे प्रसादाकडे वळले, तरी ती तिथेच उभी राहून ओठ हलवत होती.

बाहेर आल्यावर मी विचारले, "आई, काय म्हणत होतीस?"

"त्यांनी घातलं ते गावाचं," ती चपला शोधत म्हणाली. "माझं राहिलं होतं."